बदल तेवढाच टिपणारा डोळा

कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून. इथून ठोकूरपर्यंतच्या ७४१ किलोमीटरमध्ये गाडी नव्वदहून अधिक बोगद्यांतून जाते. भर दुपारी दाराशी उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला, तर बोगद्यातून बाहेर पडताना चित्र पांढरंफटक पडतं आणि मग सावरतं. प्रवाशाचं त्यात काही बिघडत नाही. स्वतः वाट शोधणाऱ्या रोबोला मात्र तेवढं आंधळेपण महागात पडू शकतं. या अडचणीवरचा एक उत्तम उपाय विद्यापीठांतल्या संशोधकांना माणसाच्या डोळ्यात सापडला.

साधा कॅमेरा सेकंदाला तीस-साठ अख्खी चित्रं काढतो. समोर नुसती भिंत असली तरी तीच भिंत पुन्हा पुन्हा. डोळ्याला ही चैन परवडत नाही. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास, आणि तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा लाख. त्यामुळे काय पाठवायचं याची निवड डोळ्यातच होते, आणि त्या निवडीत बदलाला मोठा मान असतो. पावसाळ्यात रुळांवर गस्त घालणारा माणूस जागच्या जागी असलेल्या प्रत्येक स्लीपरची वर्दी देत नाही. दरड आली की देतो. तसंच हे.

ही युक्ती सिलिकॉनमध्ये उतरवली मिशा माहोवाल्ड यांनी. मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये कार्व्हर मीड यांच्या हाताखाली त्यांनी दृष्टिपटलाच्या पेशींसारखी वागणारी चिप घडवली. १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये तिच्यावर दोघांचा लेख आला. पाचच वर्षांनी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी माहोवाल्ड झुरिकमध्ये वारल्या. आज या क्षेत्रात जे काही उभं आहे त्याच्या पायाशी त्यांचं काम आहे, आणि ते नाव आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना माहीत असायला हवं.

त्यांची चिप प्रयोगशाळेबाहेर फारशी आली नाही. त्यापुढचं काम झुरिकच्या न्यूरोइन्फॉर्मॅटिक्स संस्थेत झालं. मीड यांचेच दुसरे विद्यार्थी टोबी डेलब्रुक आणि त्यांच्यासोबत पॅट्रिक लिख्टस्टायनर व क्रिस्टोफ पॉश यांनी १२८ बाय १२८ पिक्सेलच्या सेन्सरवरचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध केला. यात प्रत्येक पिक्सेल आपल्यापुरता स्वतंत्र. आपल्यावर पडणारा उजेड तो लक्षात ठेवतो. त्यात ठरावीक प्रमाणात वाढ किंवा घट झाली की आपला पत्ता, वेळ आणि ‘वाढला’ की ‘घटला’ एवढंच कळवतो. बाकी वेळ गप्प. उजेड किती यापेक्षा तो किती पटीनं बदलला हे महत्त्वाचं, म्हणून अंधार आणि ऊन यांत दहा लाख पटींचा फरक असला तरी सेन्सर दिपत नाही. वीज लागते सुमारे २३ मिलिवॉट.

वेगाचा पुरावा बघायचा तर डेलब्रुक यांचा गोलकीपर बघावा. टेबलावर लोक चेंडू मारतात आणि छोटा यांत्रिक हात तो अडवतो. हालचाल दिसून हाताला हुकूम सुटेपर्यंत ३ मिलिसेकंद. तेवढ्यात साध्या कॅमेऱ्याचं पुढचं चित्रही निघालेलं नसतं. २०२० साली झुरिक विद्यापीठात दाविदे स्कारामुझ्झा यांच्या गटाचा ड्रोन अंगावर फेकलेला चेंडू याच जातीच्या कॅमेऱ्यामुळे चुकवू लागला.

पण हा कॅमेरा सर्वगुणसंपन्न नाही. सगळं स्तब्ध असेल तर त्याला काहीच दिसत नाही. रायगडातल्या पावसात उलटा प्रकार होईल: पडणारा प्रत्येक थेंब म्हणजे बदल, आणि त्या गर्दीतून नेमकी दरड ओळखायची. म्हणून नुसता डोळा पुरत नाही, त्यामागे तशाच काटकसरीनं चालणारा मेंदू लागतो. त्यासाठी आयआयटी मुंबईत उदयन गांगुली यांच्या गटाने अत्यल्प विजेवर स्पंद सोडणारे सिलिकॉनचे चेतापेशी-परिपथ बनवले आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चेतन सिंग ठाकूर यांची प्रयोगशाळाही मेंदूच्या धर्तीवरच्या यंत्रणांवर काम करते.

सेन्सर अजून महाग आहेत, तरी सुरुवात त्यांच्यावाचूनही होते. डेलब्रुक यांच्या गटाने साध्या व्हिडिओचं अशा ‘बदलां’त रूपांतर करणारी व्ही-टू-ई ही प्रणाली सर्वांसाठी खुली ठेवली आहे. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या एखाद्या मुलीने कुंडलिका नदीच्या काठी, धो धो पावसात मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यात घालून थेंब आणि दगड वेगळे करायला घ्यावेत. झुरिकला असा पाऊस मिळणार नाही.