विद्युत् डोंगरी सायकलींचे शक्तिप्रदान : तुलना कशाची व कोणत्या शब्दांत?

विजेच्या मोटरचे साहाय्य असलेल्या डोंगरी सायकलींची तुलना करताना विक्रेता व ग्राहक हे दोघेही बहुधा एकच आकडा पुढे करतात : २५० वॉट. आकडा समान म्हणून सायकलीही समान, असा समज त्यातून सहज होतो. वस्तुतः समान आकड्याच्या दोन सायकली एकाच चढावर इतक्या भिन्न वागतात की, त्यांना एका वर्गात घालणेही कठीण व्हावे. हा भेद कोठून उत्पन्न होतो ते सांगणे, आणि तो व्यक्त करण्यास आपल्या भाषेत कोणते शब्द उपलब्ध आहेत ते तपासणे, असा प्रस्तुत लेखाचा दुहेरी हेतू आहे. यंत्रशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे; तथापि एकाच शब्दाखाली तीन अर्थ दडले की तुलना कशी फसते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत निश्चितच येतो.

या विवेचनास अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा विशेष सोयीचा आहे. पूर्वेकडील नेवासे-शेवगावचा प्रदेश बव्हंशी सपाट. तर पश्चिमेकडील अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर. भंडारदरा जलाशयाच्या परिसरातील रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे सह्याद्रीच्या ऐन धारेपाशी वसलेली आहेत. शेवगावच्या रस्त्यावर उत्तम ठरलेली मोटर अकोल्याच्या चढावर धापा टाकील, हे संभवनीय आहे. शिवाय पायडल व यंत्र यांचा संयोग या जिल्ह्यास नवा नाही. १९७२ मध्ये बाजारात आलेली ५० सीसीची लूना ज्या कायनेटिक इंजिनिअरिंगची, तिचा कारखाना अहमदनगरचा; आणि त्याच उद्योगसमूहाने २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-लूना आणली. ई-लूनाची कमाल गती ताशी ५० किलोमीटर असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते मोटारवाहन होय. विजेची सायकल मात्र या व्याख्येबाहेर राहते. ती कशामुळे, हे पाहिले म्हणजे २५० या आकड्याचा उगमही कळतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या सायकलीच्या साहाय्यक मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०·२५ किलोवॉटहून कमी आहे, आणि जिचे साहाय्य गतीबरोबर क्रमाक्रमाने घटत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा त्याआधी पायडल मारणे थांबताच, बंद होते, ती मोटारवाहन मानली जात नाही. युरोपातही २५० वॉट व २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, नियमातील शक्ती ही क्षणिक नसून अर्धा तास टिकणारी आहे. क्षणापुरती मोटर यापेक्षा पुष्कळ अधिक देऊ शकते. दुसरी अशी की, हा आकडा ही कायद्याने आखलेली सीमा आहे, यंत्राचे वर्णन नव्हे. शिमानोची ईपी८ व टीक्यूची एचपीआर ५० या दोन्ही मोटरी २५० वॉटच्याच म्हणून नोंदलेल्या आहेत. पण पहिलीचे कमाल परिबल ८५ न्यूटन-मीटर, तर दुसरीचे ५० आहे.

परिबल हा शब्द येथे टॉर्क या अर्थी योजिला आहे : चाक किंवा क्रँक फिरविणारा जोर. शक्ती म्हणजे परिबल व फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. तीच शक्ती मोठे परिबल व मंद वेग, किंवा लहान परिबल व शीघ्र वेग, अशा दोन्ही रीतींनी मिळू शकते. सपाटीवर दुसरी रीत चालते. चढावर पहिलीवाचून गत्यंतर नाही.

एक उदाहरण घेऊ. स्वार व सायकल मिळून वजन ९५ किलोग्रॅम, आणि रस्ता १०० मीटरला १० मीटर चढणारा. गुरुत्वाकर्षणाचा मागे खेचणारा जोर सुमारे ९३ न्यूटन. खडबडीत रस्त्याचा विरोध आणखी १४ धरल्यास एकूण १०७. चाकाची त्रिज्या ०·३५ मीटर असता चाकावर सुमारे ३७ न्यूटन-मीटर परिबल हवे. ताशी ६·६ किलोमीटर गतीने हा चढ चढण्यास लागणारी शक्ती मात्र १९६ वॉट, म्हणजे २५० हूनही कमी! तात्पर्य, अशा चढावर सायकल अडते ती वॉट अपुरे म्हणून नव्हे; ते मंद वेगात चाकापर्यंत पोहोचत नाहीत म्हणून.

ते का पोहोचत नाहीत, हे मोटरच्या स्थानावर अवलंबून आहे. भारतात मिळणाऱ्या बहुसंख्य विद्युत् सायकलींत मोटर मागील चाकाच्या हबमध्ये असते. बैलगाडीच्या चाकात आरे जेथे बसविलेले असतात त्या तुंब्याच्या जागी ती आहे, असे म्हटले की तिचे स्थान लक्षात येते. अशा मोटरचे चाकाशी नाते कायमचे ठरलेले असते. स्वार गिअर बदलून आपल्या पायांचे ओझे हलके करू शकतो, मोटरचे नव्हे. आता मोटरचे परिबल विद्युत्प्रवाहाच्या प्रमाणात असते आणि तिच्या वेटोळ्यांत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी २० किलोमीटर गतीने जितकी उष्णता निर्माण होते, तितकीच तेवढ्या परिबलास ताशी ५ किलोमीटर गतीनेही होते. उपयुक्त काम मात्र चौथाई. चढ लांबला तर मोटर तापते, आणि नियंत्रक तिला वाचविण्यासाठी प्रवाह कमी करतो. स्वारास अधिक साहाय्य हवे असते नेमके तेव्हाच ते आटते.

मोटर क्रँकपाशी असेल तर तिची शक्ती साखळी व गिअर यांतून चाकाकडे जाते. पुढील चक्राचे दाते ३४ व मागील मोठ्या चक्राचे ५१ असल्यास क्रँकच्या एका फेऱ्यात चाक दोन-तृतीयांश फेरा फिरते; चाकावरील ३७ न्यूटन-मीटरसाठी क्रँकवर स्वार व मोटर यांनी मिळून सुमारे २५ दिले की पुरे. क्रँक मिनिटाला ७५ फेरे घेत राहते, मोटर आपल्या अनुकूल वेगात राहते आणि सायकल मात्र ताशी ६·६ किलोमीटरने चढते. याची किंमतही द्यावी लागते : साखळी व दातेरी चक्रे लवकर झिजतात, आणि सायकलीचा दरही पुष्कळ अधिक असतो. सपाट प्रदेशात हा खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

शक्ती किती, याइतकाच ती कशी येते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वस्त सायकलींतील संवेदक केवळ क्रँक फिरते की नाही एवढेच पाहतो. क्रँक थोडी फिरल्यावर मोटर ठरावीक साहाय्य एकदम सोडते, आणि पाय थांबल्यानंतरही क्षणभर चालू राहते. डांबरी रस्त्यावर याचे काही वाटत नाही. मुरमाड चढावर तोच हिसका मागील चाक सरकविण्यास पुरेसा होतो. दुसऱ्या प्रकारचा संवेदक पायडलवरील दाब मोजतो व त्याच्या पटीत साहाय्य देतो. दाब कमी होताच साहाय्यही ओसरते. यामाहाने १९९३ मध्ये जपानात आणलेली सायकल याच तत्त्वावर आधारलेली होती. डोंगरी सायकलीचे खरे मर्म या प्रमाणबद्धतेत आहे.

आता शब्दांकडे वळू. शालेय पाठ्यपुस्तकांनी बल, कार्य, ऊर्जा व शक्ती या संज्ञा मराठीत रुळविल्या, हे मोठेच काम झाले. परंतु व्यवहारात शक्ती, ताकद, जोर हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, आणि पॉवर हा परकीय शब्द या सर्वांना गिळून बसला आहे. ‘या सायकलीला पॉवर कमी आहे’ या वाक्यावरून परिबल कमी, टिकाऊपणा कमी की प्रतिसाद मंद, हे कळत नाही. उलट, रस्त्यावरचा स्वार व गॅरेजमधील कारागीर यांची भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. गाडी ‘ओढत नाही’, गाडीला ‘दम नाही’, गाडीला ‘पिकअप नाही’ या तीन तक्रारी ते एक समजत नाहीत. ओढ म्हणजे मंद वेगात चाकावर मिळणारे परिबल. दम म्हणजे दीर्घ चढावर टिकणारी शक्ती. नियमातील तीस मिनिटांची शक्ती ही दमाचीच मोजणी आहे. पिकअप म्हणजे मागणी व प्रतिसाद यांतील अंतर. चौथा शब्द हिसका. तो प्रतिसादातील विषमतेचा निदर्शक आहे. म्हणजे वरील विवेचनात यंत्रशास्त्राच्या आधारे केलेला प्रत्येक भेद बोलीने आधीच ओळखलेला आहे.

या शब्दांनी परिभाषेची जागा घ्यावी, असा याचा अर्थ नाही. ओढ न्यूटन-मीटरमध्ये मोजावी लागेल व दम वॉट आणि मिनिटे यांत. परंतु परिभाषेतील संज्ञा कोणत्या अनुभवाशी जोडावयाची, हे बोलीतील भेद दाखवितात. तो सांधा नसेल तर विद्यार्थी सूत्र पाठ करतो, आणि दुकानात मात्र २५० हा आकडा पाहून पैसे मोजतो. अकोल्यासारख्या तालुक्यात रोज शाळा-महाविद्यालयापर्यंत चढ चढणाऱ्यास ही चूक परवडणारी नाही. एका मोसमात मोटर जळाली तर दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागते.

म्हणून मराठीत अशी तुलना लिहिणाराने निदान पाच गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात : मोटरचे स्थान, कमाल परिबल, आणि ते क्रँकवर मोजले की चाकावर, अर्धा तास टिकणारी शक्ती, संवेदकाचा प्रकार, आणि ज्या चढावर, जितक्या वजनासह सायकल चालविली त्याचे वर्णन. परिबलाची जागा न सांगता दोन आकडे शेजारी मांडणे हा सर्वांत मोठा दोष होय. कारण क्रँकवरील ५० व चाकावरील ५० या एकाच परिमाणाच्या असूनही दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही पथ्ये पाळली तर २५० वॉट हा आकडा आपल्या योग्य जागी, म्हणजे कायद्याच्या रकान्यात, जाईल, आणि सायकलीची परीक्षा तिच्या ओढीवर, दमावर व प्रतिसादावर होऊ लागेल.