पोरींचं मैदान – ९ : फुगडीची पकड

कबड्डीतल्या बोनस रेषेचा हिशेब या आठवड्यात मांडायचा होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण उमरठकडून एका आईचं पत्र आलं आहे आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. मुलगी नववीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर खेळते. आई लिहितात : "सर, पोरीला आवड आहे, मलाही बरं वाटतं. पण सासूबाई म्हणतात, गुडघा गेला तर पुढं कोण करणार? शाळा सुटल्यावर थांबायचं तर शेवटची गाडी जाते. तुम्ही लिहिता ते पटतं. पण आमच्या इथं पोरींनी खेळायचं कुठं नि कधी, तेवढं सांगा."

म्हणजे जागा, वेळ आणि गुडघा. जागेपासून सुरुवात करतो, कारण या विषयावर मला बोलायचंच होतं.

उमरठ म्हटलं की तानाजी मालुसरे. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर ते पडले आणि मढे घाटाने त्यांचा देह खाली गावी आणला. त्यांची समाधी तिथे आहे, शेलारमामांचीही आहे. माघ वद्य नवमीला माणसं जमतात, फुलं वाहतात आणि परत जातात. पण पोलादपूरहून त्या बाजूला जाताना खेळाडूच्या नजरेने एकदा दोन्ही अंगांना बघा. सपाट जागा अशी दिसतच नाही. डोंगराला टेकून घरं, त्याखाली पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं, मग ओढा. बायकांच्या कबड्डीला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद मैदान लागतं, पुरुषांना १३ बाय १०. खो-खोला २७ बाय १६. एवढं मोठं खाचर एखाद्याच घरचं असतं. पावसात त्यात भात असतो, आणि कापणीनंतर उरतात ती धसकटं, अनवाणी पायाला भोसकणारी. मग गावाला उरतं काय? शाळेचं पटांगण आणि सहाण.

सहाण म्हणजे काय हे महाड-पोलादपूरच्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी एक ओळ : शिमग्यात देवाची पालखी जिथे बसते, नाचते, ती गावाची राखलेली मोकळी जागा. ती साफ असते, सपाट असते, सगळ्यांची असते. वर्षातले बाकीचे दिवस संध्याकाळी तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं, सुट्टीत मुंबईहून पोरं आली की नंबर लावून. मुली कडेने हंडा घेऊन जातात. त्यांना कुणी हाकललेलं नाही, पण "या, तुम्ही पण डाव मांडा" असंही कुणी म्हटलेलं नाही. मी पंच म्हणून या पट्ट्यात फिरलो तेव्हा सहाणेवर मुली खेळताना पाहिल्या त्या सणासुदीला. तेवढे दिवस मात्र त्या अशा खेळतात की बघत राहावं.

गौरी-गणपतीच्या रात्री चाललेली फुगडी कबड्डीवाल्याने एकदा नीट पाहावी. दोघी समोरासमोर, पावलं जुळवलेली, हातांची अढी, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. अंग मागे झोकायचं आणि गिरकी वाढवत न्यायची. गती सेकंदाला एका फेरीपर्यंत गेली, आणि चांगल्या जोडीची ती जातेच, की ४० किलोच्या मुलीच्या हातांवर तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढ येते. बोटांच्या टोकांनी धरलं तर सुटणारच. म्हणून मुरलेल्या बायका मनगट धरतात, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूने. आता कबड्डीतली साखळी आठवा. कोपऱ्यावरची आणि तिच्या शेजारची हात धरून चढाई करणारीवर झेपावतात, तेव्हा त्या दोघींची पकड हीच असते. प्रशिक्षकाला मुलांना ही पकड शिकवायला वेळ लागतो. मुली ती घरातून शिकून येतात, आणि आपण त्यांच्याकडे खेळाची पार्श्वभूमी नाही म्हणतो!

बसफुगडीचं तर विचारूच नका. उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या, श्वास टिकवायचा, तोल सांभाळायचा आणि वर शेजारणीला हसवायचं. खेळाडूंच्या सरावात याच जातीच्या उड्या मुद्दाम घालतात, मांड्यांत स्फोटक ताकद यावी म्हणून. झिम्म्यात पायाची लय, कोंबड्यात उड्या, पिंग्यात कंबर आणि पाठ. रात्र रात्र हे चालतं आणि साठीच्या बाईलाही कुणी "गुडघा जाईल" म्हणत नाही. पत्रातल्या सासूबाईही कधी काळी फुगडीत कुणाला ऐकल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांना एकदा विचारा. माझा अनुभव असा, की नातीच्या खेळाला पहिला होकार पुष्कळदा आजीकडूनच येतो, फक्त तिला तिच्या खेळाचं कुणी विचारलेलं नसतं.

मग फुगडीला हरकत नाही आणि कबड्डीला आहे, असं का? हाफ पँट हे कारण लोक पटकन सांगतात. ते खरं आहे, पण त्याच्यावर तोडगा निघतो. गुडघ्याखालपर्यंतची पँट आणि सैल टी-शर्ट घालून गावच्या मैदानावर मजेत सराव करता येतो. पाळीच्या दिवसांचं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही, मुलगी नुसती "पोटात दुखतंय" म्हणून चार दिवस गायब होते. ज्या शाळेत बाईंनी एकदा मुलींना बसवून सरळ सांगितलं, की त्रास नसेल तर पाळीत खेळायला हरकत नाही आणि त्रास असेल तर न लाजता सांगून बसा, तिथे हा प्रश्न बराच हलका झालेला मी पाहिला आहे.

खरी अडचण मला आणखी खोल वाटते. फुगडी गौरीसाठी असते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवणारी मुलगी सगळ्यांना आवडते, कारण ती महाराजांसाठी फिरवते. आपल्या रायगडाची हिरकणी घ्या. वाळुसऱ्याची गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं मूल, आणि बाई कडा उतरून गेली. आख्यायिका आहे, पण बुरूज तिच्या नावाचा आहे आणि या मातीतल्या प्रत्येकाला तिचा अभिमान आहे, मलाही आहे. हाच कडा एखादी मुलगी केवळ उतरता येतो म्हणून, मजा वाटते म्हणून उतरायला निघाली तर आपण काय म्हणू? "काय नडलंय?" हाच प्रश्न येईल. देवासाठी, मुलासाठी, घरासाठी बाईने अंग झिजवलं तर ते थोर. संध्याकाळचा एक तास तिने स्वतःला घाम येईस्तोवर खेळण्यात घालवला तर मात्र तिला कारण द्यावं लागतं. उमरठच्या पोरी दुबळ्या नाहीत. चढावरून मोळी आणणारी, आवणीला दिवसभर वाकून चिखलात उभी राहणारी, उन्हाळ्यात झऱ्यावरून पाणी वाहणारी मुलगी दुबळी कशी असेल? अंगात आहे ते स्वतःच्या आनंदासाठी वापरायची मोकळीक तिला हवी आहे.

ही बंधनं फक्त आपल्याच डोंगरात आहेत असं समजू नये. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लिना राडके जिंकली. धावून झाल्यावर काही जणी दमून खाली बसल्या. त्याचं वर्तमानपत्रांनी असं काही वर्णन केलं, की बायकांना हे झेपत नाही असं ठरवून ती शर्यत बंद केली. ती परत आली १९६० ला, म्हणजे बत्तीस वर्षांनी. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. आणि ३००० मीटर स्टीपलचेस, ज्यात ७६ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, ती तर २००८ ला आली.

त्याच स्टीपलचेसमध्ये २०१६ ला रिओत सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर अंतिम फेरीत धावली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, अंतिम फेरीत दहावा क्रमांक. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. ललिताची सुरुवात खो-खोने झाली, दुष्काळी तालुक्यातल्या मातीच्या मैदानावर. पुढे त्या सरकारी सेवेत आल्या आणि आपल्या शेजारच्या माणगावला तहसीलदार म्हणून काम पाहिलं. माणगावच्या कचेरीत उताऱ्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या किती आया आपल्या मुलींना म्हणाल्या असतील, "त्या बाई बघ." आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा ते जास्त उपयोगी.

कबड्डीतही आपल्या मुलींचा रस्ता असाच उशिरा मोकळा झाला. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ला कोलकात्यात सुरू झाली. आशियाई खेळांत पुरुष १९९० ला पोहोचले आणि बायका २०१० ला. तिथून पुढे सुवर्ण आपलंच, फक्त २०१८ ला इराणने २७-२४ असं हरवलं. ते सुवर्ण पुढच्या, हांगझोऊच्या खेळांत २६-२५ ने परत मिळवलं, एका गुणाने. त्या शेवटच्या मिनिटांत कोपऱ्यावरच्या मुलींनी पाय कसे रोवले होते, ते कोपऱ्यावर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीने पाहून ठेवावं.

आता गुडघा. सासूबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. उडी आणि वळण असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, हे खरं आहे. एक मोठं कारण उडीनंतर खाली येण्याच्या पद्धतीत आहे. बऱ्याच मुली उडीनंतर पाय ताठ ठेवून जमिनीवर येतात आणि गुडघा आत वळतो. मांडीच्या मागचे स्नायूही पुढच्यांच्या मानाने पुष्कळदा कच्चे राहिलेले असतात. म्हणजे "खेळू नको, गुडघा जाईल" म्हणून जिला घरी बसवलं, ती पुढे सरावाशिवाय मैदानात उतरली तर तिचाच गुडघा धोक्यात येऊ शकतो.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या संघांना खेळाआधी वीस मिनिटांचा ठरावीक सराव दिला : हळू धावणं, तोल, उड्या, मांडीमागची ताकद. २००८ ला निष्कर्ष आले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यातला गाभा घरी असा करता येईल. ओट्याच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी खाली उडी, आवाज न करता. गुडघे वाकलेले, दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत, आत झुकलेले नाहीत. समोर बहिणीला बसवा, गुडघे आत गेले की तिने ओरडायचं. हे जमलं की एका पायावर. मग रोज थोडी बसफुगडी, आणि ती आजीने शिकवावी. गुडघा सुजला, अडकला किंवा मधेच "सुटल्यासारखा" वाटला, तर मात्र तेल चोळत बसू नका. खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

राहिली वेळ, आणि इथे मी ठाम आहे. मुलींचा सराव शाळा सुटल्यावर ठेवायचाच नाही. शाळा सुटल्यावरचा वेळ हा मुलांचा असतो. मुलीला त्या वेळात गाडी गाठायची असते, घरी पाणी, चूल, धाकटं भावंड असतं. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडीच गेल्यावर पास घेऊन करायचं काय? अंधार पडल्यावर घाटाच्या रस्त्याने पोरीला चालत येऊ द्यायला कुठलीच आई तयार होणार नाही, होऊही नये. म्हणून सराव शाळेच्या वेळेतच बसवायचा. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास आहेत. ते गणिताला किंवा "पोर्शन राहिलाय" म्हणून जातात, आणि नववी-दहावीच्या मुलींचे तर पहिले जातात. ते तास परत मागा. आठवड्यातल्या दोन तासिका सलग लावल्या की निदान पाऊण तासाचा चांगला सराव होतो. पावसात पटांगण चिखलाचं झालं की वर्गातली बाकं कडेला सारून साखळी, पायांची हालचाल, उड्या हे सगळं करता येतं. कबड्डीत दमसासाचा सराव तर उभ्या उभ्याही होतो.

आणि सहाणेसाठी गावकीत बोलायला हवं. आठवड्यातून दोन संध्याकाळ मुलींच्या, एवढीच मागणी. शाळेला सुट्टी असते ते दिवस धरा, म्हणजे गाडीचा प्रश्न येत नाही. मागणी घेऊन आयांनीच जावं, दोघी-तिघींनी मिळून. मुंबईहून येणाऱ्या मंडळाच्या मुलांनाही सामील करून घ्या. चषकाच्या सामन्यांना वर्गणी तीच मुलं काढतात, त्यांनी मुलींचा एक सामना लावायचं मनावर घेतलं तर गावात कुणी नाही म्हणणार नाही.

ताई, तुम्ही पहिलं काम मुख्याध्यापकांना भेटायचं करा. एकट्या जाऊ नका, संघातल्या आणखी एक-दोन मुलींच्या आयांना सोबत घ्या, आणि दोन सलग तासिकांचं लेखी मागा. तालुक्याचे सामने जवळ आले असतील तर तेही त्यात लिहा. अर्जाचा मजकूर हवा असेल तर कळवा, मी लिहून पाठवतो. सोबत तुमच्या गाडीच्या दोन्ही वेळा लिहा.