दोन मीटर तांबं

1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या गाड्या आजही घाटात, शेतावर, आठवडी बाजाराच्या वाटेवर दिसतात. त्यांतल्या कित्येकींचा डायनॅमो केव्हाच निघाला आणि त्या जागी अल्टरनेटर बसला. गॅरेजमध्ये त्यालाही डायनॅमोच म्हणतात. बदल योग्यच आहे, कारण इंजिन मंद चालत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि अल्टरनेटर तेव्हाही बऱ्यापैकी करंट देतो. नवा ब्रॅकेट लागतो, पट्टा ताणला जातो, गाडी सुरू होते. वायर मात्र बहुतेक वेळा जुनीच राहते. मग महिन्याभरात तक्रार येते की अल्टरनेटर नवा, बॅटरी नवी, तरी सकाळी सेल्फ अर्धाच फिरतो.

अशा वेळी आधी त्या जुन्या वायरची वाट पाहावी. अनेक जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर अॅमीटर असतो, आणि बॅटरीकडे जाणारा सगळा करंट त्याच्या पोटातून जातो. म्हणजे वायर इंजिनापासून निघून फायरवॉल ओलांडते, अॅमीटरला शिवते आणि पुन्हा बॉनेटखाली बॅटरीकडे येते. सरळ गेलं तर दोन मीटरचं अंतर, या वळशाने चार मीटर होतं. डायनॅमोच्या माफक करंटला ही रचना पुरत होती. तिच्यातून 60 अँपिअर पाठवायचे म्हटलं की हिशोब बदलतो.

तो हिशोब कागदावर एका ओळीत मांडता येतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध साधारण 0.0172 ओहम असतो. जुनी वायर 6 चौरस मिलिमीटरची धरली, तर चार मीटरला सुमारे 0.0115 ओहम. 60 अँपिअरला त्यात जवळजवळ 0.7 व्होल्ट गळतात आणि वायरमध्ये 41 वॉटची उष्णता तयार होते. वायर तापली की तांब्याचा रोध आणखी वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. तिचं तापमान 80 अंशांपर्यंत चढलं तर गळती 0.85 व्होल्टच्या आसपास जाते. अल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट असताना बॅटरीला मिळतात साडेतेराच्याही खाली.

पाऊण व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीचा स्वतःचाच व्होल्टेज 12.6 ते 12.7 असतो. तिच्यात करंट ढकलायला जो फरक हाताशी असतो तो दीड व्होल्टचा, आणि त्यातला निम्मा वायरनेच खाल्ला. पाटाच्या टेलला शेत असलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: वर गेट पूर्ण उघडलेलं असतं, पाणी वाटेतच जिरतं. रेग्युलेटर अल्टरनेटरच्याच टोकाला व्होल्टेज मोजत असेल तर त्याला या गळतीचा पत्ताच लागत नाही. बॅटरीकडून वेगळी सेन्स वायर आणलेली असली तर तो कमतरता काही अंशी भरून काढतो, पण वायरमधली उष्णता तशीच राहते. लांब प्रवासात बॅटरी भरत जाते, करंट उतरतो, गळतीही उतरते आणि दोष झाकला जातो. गावातल्या गावात फिरणारी, हेडलाइट आणि जास्तीचे दिवे लावून चालणारी गाडी मात्र रोज थोडी थोडी उपाशी राहते.

म्हणूनच ‘ही वायर किती अँपिअरची?’ हा दुकानातला नेहमीचा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याचं उत्तर एवढंच सांगतं की वायर जळणार नाही. चार्जिंगसाठी विचारायचं ते हे, की या लांबीत, या करंटला किती व्होल्ट गमवायची आपली तयारी आहे. अँपिअर गुणिले मीटर गुणिले 0.0172, भागिले चालण्याजोगी गळती. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये. 60 अँपिअर, दोन मीटर आणि 0.15 व्होल्ट धरले तर येतात 13.8. बाजारात मिळणारं त्यावरचं माप 16. अॅमीटरचा वळसा सोडून अल्टरनेटरपासून थेट बॅटरीपर्यंत ही केबल टाकली की 0.7 ची गळती 0.13 वर येते. डॅशबोर्डवर काही हवंच असेल तर व्होल्टमीटर लावावा. त्याला बारीक वायर पुरते आणि बॅटरीची खरी हालत तोच सांगतो.

या हिशोबाने मोटारीचा इतिहासही घडवला आहे. दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलीज 6 व्होल्टची होती. व्होल्टेज दुप्पट केला की तेवढ्याच वॉटसाठी करंट निम्मा लागतो, आणि टक्क्यांत गळती तेवढीच ठेवायची तर तांबं चौथाईवर येतं. अमेरिकेतल्या मोटारी 1950 च्या दशकात 12 व्होल्टवर आल्या, मोठे ट्रक आणि बस 24 वर गेले, आणि 2023 मध्ये टेस्लाने सायबरट्रकची आतली वायरिंग 48 व्होल्टवर नेली. प्रत्येक पायरीला तांब्याचं वजन वाचत गेलं.

दुकानात दोन गोष्टींना जपावं. अमेरिकन मापाची केबल गेजमध्ये येते आणि तिथे आकडा वाढला की तार बारीक होते. 6 गेज म्हणजे सुमारे 13 चौरस मिलिमीटर, 4 गेज म्हणजे 21. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. स्वस्त, जाडजूड, दिसायला देखणं. एक तार पात्याने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती केबल परत करावी. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. घरातली वायरही इथे नको. तिचं साधं पीव्हीसी बहुधा 70 अंशांपर्यंतचं असतं. बॉनेटखाली 105 अंश सोसणारं आवरण आणि थरथर सहन करणाऱ्या बारीक, अनेक तारा लागतात.

फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावावा, अल्टरनेटरच्या नव्हे. तो केबलच्या रक्षणासाठी असतो, आणि आवरण घासून केबल बॉडीला टेकली तर शेकडो अँपिअर ओतणारी बॅटरी असते. 60 अँपिअरचा अल्टरनेटर आणि 105 अंश सोसणाऱ्या आवरणाची 16 ची केबल असेल, तर 80 चा फ्यूज बरोबर बसतो: रोजच्या करंटला तुटणार नाही, केबल पेटण्याआधी तुटेल.

काम झालं की साध्या मल्टीमीटरने तपासावं. हेडलाइट लावून इंजिन थोडं उचलायचं, एक काडी अल्टरनेटरच्या मोठ्या स्टडवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. दिसेल तीच गळती, 0.2 व्होल्टच्या आत हवी. मग एक काडी अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवून तेच पुन्हा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण टाळतात, आणि जुन्या गाडीत दोष वारंवार तिथेच सापडतो. करंट जितका लाल केबलमधून जातो तितकाच अर्थमधून परततो. रंगवलेला ब्रॅकेट, गंजलेला बोल्ट, तुटत आलेली अर्थची पट्टी, यांतलं एकही नवी केबल निकामी करायला पुरतं. ब्रॅकेट धातूपर्यंत घासावा आणि इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत त्याच 16 च्या मापाची दुसरी केबल टाकावी.