दुसरा पडदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. सौंसरच्या माझ्या दवाखान्यातही तेव्हा सुजलेले हातपाय येतात. अशाच एकाच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र लॅपटॉपवर पाहून मी ‘हाड शाबूत’ म्हटले. पण मन मानेना. चिठ्ठी घेतलेल्या रुग्णाला बाकावर थांबवून जुना मोठा मॉनिटर काढला. त्याला १९८७ सालच्या घराण्यातले पंधरा पिनांचे व्हीजीए, लॅपटॉपला एचडीएमआय! येथे नुसती केबल निरुपयोगी; डिजिटल संकेत अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टरच हवा. तो सुदैवाने कपाटात होता. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास मोठा पडदाही बहुधा लॅपटॉपच्याच रिझोल्यूशनवर अडकतो. म्हणून विंडोज आणि पी ही बटणे दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले. चित्र पूर्ण आकारात पसरले, आणि हाडात केसाएवढी रेघ दिसली. बाकावरच्या रुग्णाला पुन्हा आत बोलावले.