जुनी गाडी घेताना प्रमाण कशाला मानायचं?

तत्त्वज्ञानाचा मास्तर जुन्या मोटारींवर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतोय. मी मेकॅनिक नाही, हे आधीच कबूल करतो. पण ‘एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं?’ हा विषय मी पस्तीस वर्षं शिकवला आणि निवृत्तीनंतर जुनी गाडी घेताना त्याच विषयात नापास झालो. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

गाडी सहा वर्षांची होती. एजंट म्हणाला, “काका, टायर तर बघा, नक्षी नव्यासारखी आहे.” मी वाकून बघितलं, खरोखरच होती. पुढे मे महिन्यात, भर दुपारी साताऱ्याकडे जाताना मागचा डावा टायर फुटला. वेग ऐंशीच्या आसपास, शेजारी पत्नी. गाडी एकदम एका अंगाला ओढली गेली. बाजूची लेन त्या क्षणी रिकामी होती, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. पंक्चरवाल्यानं टायरच्या कडेवरचे चार आकडे मला दाखवले आणि म्हणाला, “सर, हा टायर गाडीपेक्षा म्हातारा आहे.” कुणाच्या तरी गाडीत स्टेपनी म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेला तो टायर असणार. झिजला नव्हता, पण आतून संपला होता.

आता बघा, न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गाडी घेताना आपण बहुतेक वेळा फक्त शब्दावर विसंबतो. शब्द प्रमाण आहेच, पण कुणाचा? आप्ताचा. शास्त्रात आप्त म्हणजे जो जाणकार आहे आणि जसं आहे तसं सांगतो तो. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक, आणि गाडी विकणारा पाचव्या मिनिटाला आपल्याला ‘काका’ म्हणायला लागतो! तिथेच गफलत होते.

म्हणून आधी प्रत्यक्षाकडे जाऊ. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3118 असेल तर टायर 2018 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झाला. कधीकधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, मग गाडीखाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून बघावं लागतं. वाका, लाजू नका. गाडी उभी असली तरी ऊन आणि हवेतला प्राणवायू यांमुळे रबर कडक होत जातं, त्याला बारीक भेगा पडतात. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही शाबूत असली तरी, बदलायला सांगतात. यात स्टेपनीही आली.

दुसरं प्रत्यक्ष म्हणजे झीज. नक्षीच्या खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. खाच 1.6 मिलिमीटर उरली की ते पृष्ठभागाच्या बरोबरीला येतात. मग टायर गोटा होण्याची वाट बघायची नाही, तो बदलायचा. पावसात रस्त्यावरचं पाणी या खाचांतूनच बाहेर फेकलं जातं. खाच नसेल तर चाक पाण्यावर तरंगतं, आणि तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक काय करणार?

आता अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. टायरची झीज हा तसाच धूर आहे. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडीनं कुठेतरी जोरात मार खाल्लाय. मग मेकॅनिकला खालून चासी दाखवायचीच. मीटर पंचवीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि चारही टायर गाडीनंतर तीन वर्षांनी बनलेले आहेत? टायर साधारणपणे चाळीस हजारांच्या आसपास चालतात. मग हे इतक्या लवकर का बदलले, हे विचारा. कारण खरंही असेल. पण विचारा.

हवेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानं उष्णता वाढते. किती हवा हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. सकाळी, टायर थंड असताना तपासायची. आणि दोनच नवे टायर घेणं परवडत असेल तर ते मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं तुमच्या-माझ्या हातात राहत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 सालच्या नोबेलमागे त्याच कामाचा मोठा वाटा होता. त्याचं म्हणणं सोपं आहे: गाडीचे दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगली गाडी बाळगणारा बाजारातून निघून जातो. थोडक्यात, फार स्वस्त गाडी दिसली की आनंदाआधी शंका यावी.

कागदपत्रं हाही शब्दच, पण तपासता येणारा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? कर्ज होतं तर बँकेची एनओसी आहे का? ई-चलन बाकी आहे का? गाडी विकणाऱ्यांसाठीही सांगतो: आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत मोकळे झालो असं समजू नका. अपघाताच्या भरपाईत नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं आहे.

शेवटी पैशांचं. तीन लाख हाताशी असतील तर तीन लाखांची गाडी बघू नका. अडीचची बघा, उरलेले टायर, ब्रेक आणि विम्यासाठी ठेवा. लहान गाडीचे चार चांगले टायर साधारण पंधरा-वीस हजारांत येतात. मी सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर तेवढेच खर्च केले होते.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या जागेवर. घरची सगळी माणसं त्या चार तळहातांवर बसलेली असतात. तेव्हा आज घरी गेल्यावर, गाडी जुनी असो वा नवी, ते चार आकडे एकदा वाचा. स्टेपनीचेही.