यंत्र आणि त्याची देखभाल : लासलगावच्या निमित्ताने

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. तेथे प्रक्रिया झालेले आंबे २००७ साली अमेरिकेस गेले. या यशाचे श्रेय केवळ यंत्रास देता येत नाही. प्रशिक्षित चालक, विकिरणमात्रेचे नियमित मापन व तपासणी ही त्या यंत्राची अविभाज्य अंगेच होत.

शालेय संगणकाच्या बाबतीत नेमके हेच अंग दुर्बल राहिले. केंद्र शासनाने २००४ साली माध्यमिक शाळांसाठी योजिलेल्या संगणक-योजनेत 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीचे करार ठराविक वर्षांचे असत. मुदत संपताच संगणक शाळेचे होत. परंतु ते सांभाळणारा मनुष्य निघून जाई. मग क्षुल्लक बिघाडानेही खोलीस कुलूप लागे.

२०२० च्या टाळेबंदीत ही उणीव घरोघरी पोहोचली. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर संकेत फोनवर उघडला नाही, तर पालकाने विचारावे कोणास? शिक्षकासच, आणि दुरुस्तीचे शिक्षण त्यासही क्वचितच मिळालेले.

तात्पर्य, देखभाल ही खरेदीनंतरची बाब नसून खरेदीचाच भाग होय. तिची तरतूद नसेल तेथे यंत्र शाळेत येते, पण शिक्षणात येत नाही.