चार बोटांची पायरी

आमच्या इमारतीची लिफ्ट मजल्याशी बरोबर जुळून थांबली, असे मला आठवत नाही. रिकामी असली की चार बोटे वर, भरलेली असली की चार बोटे खाली! 'पायाखाली बघ' हे वाक्य आमची मुले मुळाक्षरांच्या आधी शिकली. पण एका संध्याकाळी सासूबाई भाजीची पिशवी घेऊन एकट्याच वर आल्या, बाहेर पाऊल टाकले, आणि खुब्याचे हाड मोडून बसल्या.

नवी यंत्रणा बसवण्यासाठी सभा भरली. तळमजल्यावरचे म्हणाले, "आम्ही लिफ्ट वापरतच नाही!" दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "चालते आहे ना? मग कशाला हात लावता?" मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी लिफ्टचे मिस्त्री आले, तेव्हा मी सरळ त्यांच्यामागे गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेले.

"ताई, लिफ्ट म्हणजे तराजू," ते म्हणाले. दोराच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला वजनांची चळत. ती रिकाम्या पिंजऱ्याहून साधारण अर्ध्या भाराइतकी जड असते. त्यामुळे मी एकटी वर निघाले, की चळतच मला वर खेचते आणि मोटरला ओढायचे नसून आवरायचे असते. सहाजण वर निघाले, की मात्र तिला खरा जोर लावावा लागतो. आमची जुनी मोटर जवळजवळ एकाच वेगाने फिरे. मजला आला की वीज बंद आणि ब्रेकची पकड. ती पकड सहाजणांना आणि एकटीला सारखीच! मग पिंजरा घसरेल तिथे मुक्काम.

निकोला टेस्लाला 1888 साली जिचे पेटंट मिळाले, त्याच जातीची ही मोटर. दणकट आणि स्वस्त, पण वेग विजेच्या आवर्तनांशी बांधलेला. त्यावर 1891 च्या सुमारास हॅरी वॉर्ड लेनर्ड या अमेरिकन गृहस्थाने तोड काढली : एक मोटर जनित्र फिरवणार, आणि त्या जनित्राची वीज कमीजास्त करून लिफ्टची दुसरी मोटर चालवायची. उंच इमारतींतून ही पद्धत कित्येक दशके चालली. पण एका लिफ्टसाठी तीन यंत्रे! सामान्यांना कुठून परवडणार?

खरी युक्ती जर्मनीत 1970 च्या आसपास फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडली. मोटरच्या प्रवाहात दोन कामे मिसळलेली असतात, एक चुंबकत्व निर्माण करण्याचे, दुसरे आस फिरवण्याचे. ती गणिताने वेगळी करून स्वतंत्रपणे सांभाळायची. तयार चहा कडक करायला गेलो तर दूधसाखरही वाढते. इथे चहापत्ती निराळी, साखर निराळी! हे गणित क्षणोक्षणी करणाऱ्या चिपा स्वस्त झाल्यावर ही सोय आमच्यासारख्यांच्या गच्चीपर्यंत आली.

आता मोटरच्या आसावरचे उपकरण तिचा फेरा बारीक बारीक मोजते. हवा तो वेग आणि असलेला वेग यांत फरक दिसला, की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत जोर बदलतो. पिंजऱ्यातले वजन आधीच जोखलेले असेल, तर ब्रेक सुटण्यापूर्वीच मोटर तेवढा भार तोलून धरते. निघताना हिसका नाही. थांबतानाही मोटर स्वतःच वेग शून्यावर आणते, ब्रेक नंतर नुसता धरून ठेवतो.

हे सारे मी पुढच्या सभेत सांगितले. किती जणांना पटले कोण जाणे! पण सासूबाई वॉकर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि तळमजल्यावरच्यांनी मुकाट्याने हात वर केला.

वसुबारसेला लिफ्ट सुरू झाली. सासूबाईंना घेऊन मी वर आले. दार उघडले, पिंजरा आणि मजला अगदी एका रेषेत. त्यांनी वाकून नीट पाहिले, माझा दंड घट्ट धरला, आणि तिथे नसलेल्या पायरीसाठी पाय सावकाश खाली चाचपत टाकला.